धुण्यावरची काजळी

आमच्या घरी पांढरं धुणं कधी पांढरं नव्हतं. माझं बालपण ठाकुर्लीच्या रेल्वे कॉलनीत गेलं. तिथल्या बायका दोरीवर कपडे टाकण्याआधी मान वर करून चिमणीकडे बघत. चोळ्याच्या पॉवर हाऊसचा धूर कोणत्या बाजूला झुकलाय त्यावर चादरी आज धुवायच्या की उद्या, हे ठरे. वारा मध्येच फिरला की कुणीतरी गॅलरीतून हाक देई आणि साऱ्या चाळीची धावपळ उडे. परकरावर, उशीच्या अभ्र्यावर, पापडांवर बारीक काळे कण बसत. ते झटकायचे नसत, फुंकायचे असत. झटकले की डाग पडतो, हे मला पाढे पाठ होण्याआधी ठाऊक होतं.

बाबा त्या पॉवर हाऊसमध्ये बॉयलरवर होते. तिथली वीज जायची लोकलला. मुंबईहून मामा आले की कौतुकाने म्हणायचे, "काय गाडी आहे! आवाज नाही, धूर नाही." बाबा शांतपणे चहाची बशी खाली ठेवायचे. "धूर आहे ना. तो इथे राहायला आलाय."

पुढे मी इलेक्ट्रिकल इंजिनियर झाले आणि फोर्टातल्या एका सल्लागार कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात चिकटले. सल्लागार इंजिनियर म्हणजे काय, हे आईला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. धरण आम्ही बांधत नाही, गाडी आम्ही चालवत नाही, तार आम्ही ओढत नाही. आम्ही कागद काढतो. कुठली तार किती जाडीची, खांब किती अंतरावर, सबस्टेशन कुठे आणि वीज कुठून आणायची, एवढं आमच्या कागदावर ठरतं. पस्तीस वर्षं अमोनिया प्रिंटचा वास नाकात भरून घेतल्यावर मला एक खोड लागली. विजेवर चालणारं काहीही दिसलं की मी मनातल्या मनात त्याची तार मागे मागे ओढत जाते, ती शेवटी कुठे पोचते ते बघायला. मुंबईच्या लोकलची तार मी अशीच ओढली.

3 फेब्रुवारी 1925. व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे पुढचं सीएसटी आणि आताचं सीएसएमटी, तिथून हार्बर मार्गाने कुर्ल्याला विजेची गाडी निघाली. हिंदुस्थानातली ही पहिली. अंतर सोळाएक किलोमीटर, वरच्या तारेत 1500 व्होल्ट डीसी. गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी तिला रवाना केलं. ग्रेट इंडियन पेनिन्सुला म्हणजे जीआयपी रेल्वेची ही गाडी. तीन वर्षांनी, 5 जानेवारी 1928 ला, पश्चिमेकडच्या बीबीसीआय रेल्वेने कुलाबा ते बोरिवली विजेच्या गाड्या सुरू केल्या.

हा सगळा खटाटोप कशासाठी, असं विचारलं तर 'प्रदूषण कमी करायला' असं उत्तर त्या काळी कुणी दिलं नसतं. कार्बन मोजायचा असतो हेच कुणाला माहीत नव्हतं. अडचण वेगळी होती. वाफेचं इंजिन उपनगरी गाडीला कामाचंच नव्हतं. थांबलं की पुन्हा वेग घ्यायला वेळ खाई. शेवटच्या स्टेशनावर पोचलं की ते सोडवायचं, फिरवायचं, पाणी भरायचं, दुसऱ्या टोकाला जोडायचं, आणि तोवर फलाट अडकलेला. विजेच्या गाडीला दोन्ही टोकांना केबिन. मोटरमन एका टोकाला उतरतो, गार्ड दुसऱ्या टोकाला, दोघे जागा बदलतात आणि गाडी सुटते. तेवढ्याच रुळांवरून, तेवढ्याच फलाटांवरून कितीतरी जास्त माणसं नेता येतात. देशात बहुतेक ठिकाणी रेल्वे चालवणाऱ्याला आता लोको पायलट म्हणतात. मुंबईच्या लोकलचा मात्र मोटरमनच राहिला. शंभर वर्षांपूर्वीचा तो बदल एवढ्या एका शब्दात अजून टिकून आहे.

शिवाय कोळसा. तो यायचा बंगाल-बिहारच्या खाणींतून, अर्धा देश ओलांडून. मुंबईच्या गिरण्या, आगगाड्या, बंदरातल्या बोटी, सगळ्यांची भूक तोच भागवायचा. शहरावर धुराचं छत होतं. 1912 साली मुंबईत धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदाही झाला होता, हे मला फार उशिरा कळलं. वाचल्यावर पहिल्यांदा आईची आठवण झाली. तो कायदा ठाकुर्लीपर्यंत कधी पोचलाच नाही.

जीआयपीच्या विद्युतीकरणाचे सल्लागार होते मर्झ अँड मॅकलेलन. इंग्लंडातल्या न्यूकॅसलची फर्म. आमच्या ऑफिसात हे नाव जुन्या लोकांच्या तोंडी जरा दबक्या आवाजात यायचं, गवयाने घराण्याच्या मूळपुरुषाचं नाव घेताना कानाला हात लावावा तसं. चार्ल्स मर्झ हा माणूस कोळशाच्याच मुलखात वाढलेला, आणि अख्खी हयात त्याने एका गोष्टीत घालवली: गावोगावची किरकोळ वीजघरं बंद करून मोठ्या वीजघरातून तारांच्या जाळ्यावरून सगळ्यांना वीज द्यायची. न्यूकॅसलच्या टाइन नदीकाठी 1904 मध्ये उपनगरी गाड्या विजेवर गेल्या, त्याही याच विचाराच्या वर्तुळात. मग ऑस्ट्रेलियात मेलबर्न. तिथे मर्झच्या सल्ल्याने 1500 व्होल्ट डीसीवर 1919 पासून गाड्या धावल्या. मुंबईत तोच व्होल्टेज आला. पावसात रूळ पाण्याखाली जाणाऱ्या या शहरात वीज रुळाशेजारच्या तिसऱ्या पट्टीतून न आणता डोक्यावरच्या तारेतून आणली, हे केवढं शहाणपण, ते दर जुलैत कुर्ला-शीव दरम्यान अडकल्यावर पटतं.

पुढे ब्रिटनच्या राष्ट्रीय ग्रिडच्या आखणीतही मर्झचा हात होता. 1940 च्या ऑक्टोबरात लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात राहत्या घरी तो गेला, दोन मुलांसकट. फर्म टिकली, मग पार्सन्स ब्रिंकरहॉफमध्ये गेली, आणि ती कंपनी 2014 मध्ये डब्ल्यूएसपीत. आज शहरांना 'लो कार्बन' सल्ला देणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या वंशावळी अशाच, मुलीचं माहेरचं आडनाव लग्नात पुसलं जावं तशा. मी नोकरीत असताना आमच्या कंपनीच्या दारावरची पाटी तीनदा बदलली. कपाटातले नकाशे तेच होते.

तर तार. 1925 साली मुंबईत खेळणारी वीज पुष्कळशी पाण्याची होती. खंडाळ्याच्या घाटमाथ्यावर चार महिन्यांत चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि पूर्वेला वाहून जातो, तो अडवून पश्चिमेला कोकणात पाडला तर? ही कल्पना डेव्हिड गॉस्टलिंग नावाच्या मुंबईतल्या वास्तुविशारदाने जमशेटजी टाटांच्या कानावर घातली. जमशेटजी 1904 मध्ये वारले. त्यांच्या मुलाने, दोराबजींनी, ती तडीस नेली. 1910 मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी निघाली. भांडवल मुख्यतः इथल्याच धनिकांचं आणि संस्थानिकांचं. 1911 मध्ये लोणावळ्याला पायाभरणी, 1915 मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू. आल्फ्रेड डिकिन्सन हे तिथले सल्लागार इंजिनियर. लोणावळा, वळवण आणि शिरवता ही तीन तळी घाटमाथ्यावर, वीजघर पायथ्याला, मध्ये पाचशे मीटरहून जास्त उंचीचा कडा आणि त्यावरून उतरणारे पोलादी नळ. पुण्याच्या गाडीतून ते नळ बघत असंख्य लोक वडापाव खात गेले असतील.

आमच्या ऑफिसात नव्याने आलेल्या मुलांना मी एक गणित घालायचे. गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी घ्या. ती खंडाळ्यावरून खोपोलीत ओतली तर किती वीज? मुलं बऱ्याचदा शेकड्यात उत्तर द्यायची. उत्तर आहे सव्वा युनिटच्या आसपास. बस. एक इस्त्री तासभर. पण तेच पाणी नळाच्या तोंडातून बाहेर पडतं तेव्हा सेकंदाला जवळजवळ शंभर मीटर वेगाने, आणि पेल्टन चाकाच्या वाट्यांवर आपटून दुसऱ्या बाजूला अगदी दमून खाली पडतं. सगळा जोर चाकाने काढून घेतलेला असतो. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कुणाला तरी सांगावंसं वाटलं, पण टर्बाइनच्या घरघरीत काही ऐकू जाईना. बाबांच्या बॉयलरला एका युनिटला किलोभराच्या आसपास कोळसा लागे, असं ते सांगायचे. म्हणजे गच्चीवरची एक टाकी बरोबर सव्वा किलो कोळसा. आईच्या हिशेबात, दोन अभ्रे.

1922 मध्ये ठोकरवाडीच्या तळ्यावर भिवपुरीचं वीजघर झालं. 1927 मध्ये मुळशीच्या तळ्यावर भिऱ्याचं. तिन्ही मिळून या जुन्या जलविद्युत केंद्रांची क्षमता आज 447 मेगावॉट आहे. ही वीज गिरण्यांना गेली, ट्रामला गेली, रेल्वेला गेली. जगातली शहरं आज जे करायला धडपडतात ते, म्हणजे कारखाने आणि वाहतूक दोन्ही बिनधुराच्या विजेवर नेणं, मुंबईत शंभर वर्षांपूर्वी बरंचसं घडलं होतं. पर्यावरणाचं नावही न घेता.

आणि आता या तारेचा तो भाग, जिथे मी ओढताना दर वेळी थांबते.

मुळशीचं धरण बांधायचं म्हणजे मावळातल्या पन्नासाच्या आसपास गावांची शेतं, घरं, देवळं पाण्याखाली. आंबेमोहर पिकवणारी भातखाचरं. 1921 च्या रामनवमीला मुळशी सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट त्याचे पुढारी, आणि त्यांना 'सेनापती' हे नाव मिळालं ते इथेच. विनायकराव भुस्कुटे त्यांच्या बरोबरीने उभे राहिले. मावळे धरणाच्या पायावर आडवे पडले. शहरातली वर्तमानपत्रं, पुढारी, सावकार, गिरणीमालक यांच्यात फाटाफूट झाली, कारण वीज तर स्वदेशी भांडवलाची होती. स्वदेशी उद्योगाला विरोध करायचा की शेतकऱ्याला पाठ दाखवायची, असा तो पेच. अखेर बापट धरणाच्या कामाची नासधूस करून तुरुंगात गेले, लढा मोडला, धरण उभं राहिलं. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहावर पुस्तक लिहिलं आणि त्याला धरणविरोधी चळवळींत जगातला पहिला मान दिला. आमच्या व्यवसायाच्या एकाही पाठ्यपुस्तकात मी हे वाचलं नव्हतं. पाठ्यपुस्तकात मुळशी म्हणजे पाण्याची उंची आणि घनफळ.

एका सर्वेक्षणाच्या निमित्ताने मी त्या तळ्याकाठी गेले होते. आमची जीप चिखलात रुतली, म्हणून एका घराच्या ओट्यावर बसलो. म्हातारीने ताकाचा पेला हातात दिला आणि विचारलं, "पानी बगाया आलासा?" मी हो म्हटलं. "बगा. म्या जल्मभर बगतीया." त्यात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. परत येताना मी वहीत त्या दिवसाच्या पातळीचा आकडा लिहिला, आणि त्याच्याखाली तिचं वाक्य. अहवालात फक्त आकडा गेला.

दुसरी तक्रार धरणाच्या पूर्वेकडची. हे पाणी मुळात भीमेच्या खोऱ्यातलं, पंढरपूर-सोलापूरकडे जाणारं. ते कड्यावरून पश्चिमेला पाडलं की परत जात नाही. दुष्काळाच्या वर्षी हा वाद हटकून उकरला जातो. त्याच वेळी पश्चिमेला त्याच पाण्यावर माणसं जगतात: खोपोलीचं पाणी पाताळगंगेत, भिवपुरीचं उल्हास नदीत, भिऱ्याचं कुंडलिकेत. कोलाडला होड्यांतून ओरडत जाणारी पोरं भिऱ्याच्या चाकांतून सुटलेल्या पाण्यावर तरंगतात. मी आता कल्याणला राहते. उन्हाळ्यात माझ्या नळाला येणाऱ्या उल्हासच्या पाण्यात भिवपुरीची वाट चुकलेलं पावसाचं पाणी असतं. ते आधी कुणाचा तरी दिवा लावून आलेलं असतं. पंढरपूरच्या माणसाला हे सांगायचं धैर्य मला झालेलं नाही.

मग ठाकुर्लीत कोळसा का आला? एवढं पाणी होतं तर चिमणी कशाला?

जीआयपीने तारा हार्बरवरून मुख्य मार्गावर, मुख्य मार्गावरून कल्याणला आणि पुढे दोन्ही घाटांवर नेल्या. 1929 मध्ये बोरघाट ओलांडून पुण्यापर्यंत, 1930 मध्ये थळघाट चढून इगतपुरीपर्यंत. 1 जून 1930 ला दख्खनची राणी निघाली ती याच तारांखालून. एवढ्या गाड्यांना वीज द्यायला रेल्वेने चोळ्याला स्वतःचं वीजघर उभारलं, कोळशाचं, 1929 च्या सुमारास. कागदपत्रांत कारणं शोधली तर ती हिशेबाची मिळतील. माझं मत विचाराल तर, जी वीज पावसावर आणि दुसऱ्याच्या कंपनीवर अवलंबून आहे तिच्यावर अख्खी रेल्वे टांगायला कुठलाच रेल्वेवाला तयार झाला नसता. मीही झाले नसते. 1925 मध्येच जीआयपी सरकारच्या ताब्यात आली होती, आणि सरकारला कोळसा म्हणजे आपल्याच रेल्वेने आपल्याच खाणीतून आणायचा माल. असा मुंबईच्या दोन लोकलमध्ये फरक पडला, पश्चिमेकडची पाण्याकडे झुकलेली, जीआयपीची कोळशाकडे. फलाटावरच्या माणसाला दोन्ही सारख्याच बिनधुराच्या.

धूर मात्र नाहीसा होत नाही. तो पत्ता बदलतो. गिरगावच्या माणसाच्या सदऱ्यावरून तो माझ्या आईच्या दोरीवर आला. मी इंजिनियर झाल्यावर कळलं की हा पत्ता कुणीतरी कागदावर, पेन्सिलने, चांगल्या मनाने लिहिलेला असतो.

पण त्याच कागदांवर एक सुंदर गोष्टही होती, ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. घाटासाठी मालगाड्यांची इंजिनं आली, एकूण 41. पहिली दहा स्वित्झर्लंडहून, बाकीची इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीतून. लांब नाकाडं दोन्ही बाजूंना, चाकांना जोडणारे दांडे, मधोमध वाकणारं अंग. स्विस लोक तसल्या इंजिनाला मगर म्हणतात, आमच्या लोकांनी नाव ठेवलं खेकडा. उभं असताना ते कण्हायचं आणि चालताना त्याचे सांधे करकरायचे. 37 ला 1 अशा चढावर ते गाडी ओढायचं, आणि उतरताना त्याच्या मोटरींना उलट काम लावलेलं असे. गाडीचं वजन मोटरींना फिरवी, मोटरी जनित्र होत आणि वीज परत तारेत जाई. उतरणाऱ्या गाडीने चढणाऱ्या गाडीला हात द्यायचा. आज नव्या लोकलच्या जाहिरातीत ब्रेक लावताना वीज परत मिळते म्हणून कौतुक असतं. ती युक्ती बोरघाटात आजोबांच्या वेळची. सीएसएमटीच्या हेरिटेज गल्लीत 'सर लेस्ली विल्सन' नावाचा एक खेकडा उभा करून ठेवलाय. शाळेच्या सहलीतली मुलं त्याच्या नाकाडावर हात ठेवून फोटो काढतात.

ट्रामचं मी थोडक्यात सांगते, कारण जास्त बोलले तर भांडण होईल. 1874 मध्ये घोड्यांची, 1907 मध्ये विजेची, 1920 मध्ये दुमजली. 31 मार्च 1964 च्या रात्री बोरीबंदर ते दादर शेवटची ट्राम गेली. मी तेव्हा आठ वर्षांची होते. बाबा मला मुद्दाम घेऊन गेले होते, गर्दीत मला फक्त लोकांच्या पाठी दिसल्या. ट्राममुळे वाहतूक अडते, असं तेव्हा सगळे म्हणत. त्याच सुमारास मुंबईत विजेच्या तारेखालून चालणाऱ्या ट्रॉलीबसही आल्या, 1962 मध्ये, आणि 1971 मध्ये गेल्या. रूळ उखडून झालेल्या मोकळ्या रस्त्यांवर मोटारी आल्या. आता त्याच रस्त्यांखाली भुयारं खणून आपण विजेची गाडी परत आणली आहे. भुयाराचा खर्च काढायचं काम माझ्याकडे आलं नाही, त्याबद्दल देवाचे आभार.

माझ्या नोकरीतलं सगळ्यात मोठं काम म्हणजे मर्झच्या 1500 व्होल्टला निरोप देणं. साधं गणित आहे. गर्दीच्या वेळी बारा डब्यांच्या लोकलला दोन-तीन मेगावॉट लागतात. 1500 व्होल्टवर त्यासाठी तारेतून दोनेक हजार अँपियर वाहायला हवेत. म्हणून तांब्याची जाड तार, तिच्या जोडीला दुसरी, आणि दर काही किलोमीटरवर सबस्टेशन. 25,000 व्होल्ट एसीवर तेच काम शे-सव्वाशे अँपियरमध्ये होतं. प्रवाह सतराएक पटीने कमी आणि तेवढ्याच जाडीच्या तारेत वाया जाणारी उष्णता पावणेतीनशे पटीने कमी. नव्वद वर्षं आपण वाटेवर तारा तापवत होतो.

कागदावर सोपं. प्रत्यक्षात डीसी ते एसी म्हणजे चालत्या माणसाचं हृदय बदलणं. गाड्या बंद ठेवता येत नाहीत. काम रात्री दीड ते साडेतीन, नाहीतर रविवारच्या मेगाब्लॉकमध्ये. मधली कित्येक वर्षं अर्ध्या मार्गावर डीसी आणि अर्ध्यावर एसी होतं. मध्ये बिनविजेचा तुकडा. तिथे गाडीतले दिवे आणि पंखे बंद पडायचे, डब्यात एक क्षण शांतता आणि मग कुणीतरी बाई "अगंबाई" म्हणायची. मला दर वेळी हसू यायचं, आणि दर वेळी पोटात गोळाही यायचा, कारण तो तुकडा कुठे असावा यावरच्या एका कागदावर माझी सही होती.

खरी डोकेदुखी होती पुलांची. 25,000 व्होल्टची तार पुलाच्या पोटापासून जास्त लांब ठेवावी लागते, आणि सीएसटी-कुर्ला पट्ट्यातले जुने पूल वाफेच्या इंजिनाच्या हिशेबाने बांधलेले. कुठे रूळ खाली घेतले, कुठे वेग बांधला. सँडहर्स्ट रोडजवळचा हँकॉक पूल जानेवारी 2016 मध्ये पाडावा लागला. मोजणीसाठी मी त्या पुलाखाली टेप धरून उभी राहिले होते, पावसाळ्याआधीच्या उकाड्यात, आणि वरून कुणीतरी पानाची पिचकारी टाकली. तिचा डाग नकाशाच्या कोपऱ्यावर बसला आणि तो नकाशा तसाच फाईलला लागला. मी आकडे तीनदा तपासून दिले होते. ज्या ऑफिसकडे फाईल गेली तिथे दशांश चिन्ह एका घराने सरकलं आणि एक महिना फुकट गेला. कुणाचं नाव घेत नाही, त्यांनीही माझं घेतलं नव्हतं.

टपावर बसून जाणाऱ्या पोरांचा विषय मी टाळणार होते. डीसीच्या काळात हार्बरवर पोरं टपावर बसत. तार हाताला लागली तर मरत. एसीत हात लागायची गरज नाही, जवळ गेलं की वीज स्वतः उडी मारते. आम्ही स्टेशनांवर फलक लावायला सांगितले, घोषणा करायला सांगितल्या. तरीही सुरुवातीच्या दिवसांत बातम्या येत राहिल्या. तारेतला अपव्यय कमी झाल्याचा आकडा माझ्याकडे आहे. या पोरांचा आकडा मी कधी मागितला नाही.

पश्चिम रेल्वेने 2012 च्या सुरुवातीला एसी पूर्ण केलं, मध्य रेल्वेने मुख्य मार्गावर 2015 मध्ये. राहिला हार्बर. 9 एप्रिल 2016 च्या रात्री कुर्ला ते सीएसटी शेवटची डीसी गाडी गेली, 1925 च्या पहिल्या गाडीच्याच मार्गावरून. मी कुर्ल्याच्या फलाटावर उभी होते. गाडी निघताना डीसीच्या मोटरींचा तो ओळखीचा चढता सूर ऐकू आला, आणि सवयीने मी वर धुराकडे बघितलं. धूर अर्थातच नव्हता. तार होती, आणि तिच्यावर झोपलेला एक कावळा.

माझी भाची सध्या एका सल्लागार कंपनीत आहे. पाणी स्वस्त विजेने वर चढवायचं आणि संध्याकाळी गरजेला खाली पाडायचं, अशा प्रकल्पांवर तिचं काम चालतं. टाटांनी 2023 मध्ये शिरवता आणि भिवपुरी इथे मिळून 2,800 मेगावॉटच्या अशा प्रकल्पांसाठी राज्य सरकारशी करार केला. तळी तीच, कडा तोच, बाजूला दिवसा सौर वीज आलेली. मध्यंतरी ती नकाशे घेऊन माझ्याकडे आली होती. एक तासभर आम्ही उंचीच्या रेषांवर बोटं फिरवत बसलो. मग तिने विचारलं, "मावशी, त्या काळी लोकांशी कुणी बोललं होतं का गं? म्हणजे आधी?" मी म्हटलं, बापट बोलले होते. ती म्हणाली, "तसं नाही. इंजिनियरांपैकी." मी चहा टाकायला उठले.

चोळ्याचं पॉवर हाऊस ऐंशीच्या दशकाच्या शेवटी बंद पडलं. चिमण्या थंड झाल्या, कोळशाच्या वाघिणी यायच्या थांबल्या, कॉलनीतली झाडं हळूहळू हिरवी दिसायला लागली. बाबा तोवर निवृत्त झाले होते. आई पुढे बरीच वर्षं होती. आम्ही कल्याणला राहायला आलो, तिथे गच्चीवर भरपूर ऊन आणि स्वच्छ हवा. तरी वारा फिरला की ती पदर खोचून जिना चढायची आणि अर्धंओलं धुणं कवेत घेऊन खाली यायची.